बुडालेल्या पेढीची अखेरची वाटणी

'दिवाळे' या शब्दाची एक व्युत्पत्ती जुने लोक सांगत असत. देणी फेडण्याचे सामर्थ्य आता उरले नाही असे ज्या व्यापाऱ्यास कळून चुकले, तो भर दिवसा आपल्या दुकानात दिवा लावून ठेवी. रस्त्याने जाणाऱ्याने तो दिवा पाहिला की समजावे, येथला व्यवहार आटोपला. पश्चिम हिंदुस्थानातील व्यापारी पेठांत ही चाल होती, असे इंग्रजी अमदानीतील कोशकारांनीही नमूद करून ठेविले आहे. व्युत्पत्ती खरी असो वा लोकांनी मागाहून रचलेली असो, तिच्यात एक प्रकारचा सचोटीचा कबुलीजबाब आहे, हे कोणीही मान्य करील.

परंतु दिवा लागल्यानंतर काय व्हावयाचे, हा खरा प्रश्न आहे. दुकानातला माल, गल्ल्यातले नाणे, खतावणीतले येणे, घर आणि जमीन हे सारे मिळून शंभर रुपयांचे. आणि दारात उभे राहिलेल्या घेणेकऱ्यांचे घेणे चारशे रुपयांचे. यांत कोणास किती द्यावयाचे? जो आधी आला त्यास सारे द्यावे, की ज्याचे घेणे मोठे त्यास आधी द्यावे? राजाचे देणे प्रथम फेडावे, की मजुराचे? की सर्वांनी बुडालेल्या जहाजातील उतारूंप्रमाणे एकच फळी वाटून घ्यावी? या एका प्रश्नाची आपल्या देशात दोन हजार वर्षांत निरनिराळी उत्तरे दिली गेली. त्या उत्तरांचा इतिहास थोडक्यात सांगावा असा आमचा हेतू आहे. कडोलीपासून निपाणीपर्यंतचा आमचा हा सीमाभाग शेतकऱ्यांचा आणि व्यापाऱ्यांचा मुलूख. निपाणीची तंबाखूची पेठ आणि बेळगावची धान्याची पेठ यांच्या उलाढालीवर येथली अनेक घरे उभी राहिली, व काही बसलीही. या भागातील देवस्थानांच्या उत्सवाची शिल्लकही पूर्वी अशाच एखाद्या पेढीवर ठेवली जाई. तेव्हा हा विषय केवळ वकिलांचा आहे असे समजून वाचकांनी पान उलटू नये, अशी विनंती आहे.

धर्मशास्त्रापासून आरंभ करू. एका ऋणकोवर अनेकांचे ऋण असेल तर ते कोणत्या क्रमाने फेडावे, याचा विचार याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात आला आहे. तेथील नियम असा की, ज्या क्रमाने ऋण घेतले त्याच क्रमाने ते फेडावे. मात्र ब्राह्मणाचे ऋण आधी व त्यानंतर राजाचे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही हाच विचार थोड्या फरकाने आढळतो. एका ऋणकोवर दोन धनकोंनी एकाच वेळी दावा आणू नये, तो परगावी निघाला असेल तर गोष्ट निराळी. त्या प्रसंगीही घेतलेल्या क्रमाने द्यावे, किंवा राजाचे व श्रोत्रियाचे द्रव्य आधी द्यावे, असे तेथे म्हटले आहे. कात्यायनाने मात्र एक फार महत्त्वाची पुस्ती जोडली. एकाच दिवशी लिहिलेली जी ऋणे असतील ती समान मानावी, असे त्याचे मत. म्हणजे ज्येष्ठतेचा नियम जेथे चालत नाही तेथे समतेचा नियम लागू करावा, हे तत्त्व आपल्या स्मृतिकारांस अपरिचित नव्हते. ते त्यांनी एका दिवसापुरते मर्यादित ठेवले, इतकेच.

येथे आमच्या भागाविषयी थोडासा अभिमान प्रकट केल्यावाचून राहवत नाही. याज्ञवल्क्यावरील ज्या टीकेने पुढे हिंदुस्थानच्या बहुतेक भागावर अधिकार गाजविला, ती 'मिताक्षरा' विज्ञानेश्वराने चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याच्या कल्याण येथील राजधानीत, अकराव्या शतकाच्या अखेरीस वा बाराव्याच्या आरंभी लिहिली. ते कल्याण म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण. आमच्या बेळगाव जिल्ह्यातील कोर्टांत हिंदू कायद्याचा प्रश्न निघाला की शेकडो वर्षे ज्या ग्रंथाचा आधार घेतला गेला, तो कन्नड मुलखात संस्कृतात लिहिला गेला आणि मराठी, कोंकणी व कन्नड बोलणाऱ्या सर्व घरांतील वाटण्या त्याने केल्या. भाषांची भांडणे ज्यांस आवडतात त्यांनी या गोष्टीचा शांतपणे विचार करावा.

याच शास्त्राने आणखी एक भेद मोठ्या बारकाईने केला आहे, आणि पुढे त्याचे प्रयोजन पडणार आहे म्हणून तो येथेच सांगून ठेवतो. ऋण निराळे आणि निक्षेप निराळा. पेटीत बंद करून, मोहोर लावून, आतील वस्तू न दाखवता दुसऱ्याच्या हाती सांभाळण्यास दिली तर ती उपनिधी. ती जशीच्या तशी परत करावयाची. ती ठेवणाऱ्याची कधी होतच नाही. उलट, व्याजाने वापरण्यास दिलेला पैसा हे ऋण. तो पैसा घेणाऱ्याचा होतो आणि देणाऱ्याजवळ उरतो तो केवळ परत मागण्याचा हक्क. पैसा सुखरूप असेतोवर या भेदाकडे कोणी लक्ष देत नाही. दिवा लागला की याच भेदावर सारे अवलंबून राहते.

मराठेशाहीत कर्जवसुलीचे मार्ग म्हणजे तगादा, धरणे आणि पंचायत. धनको ऋणकोच्या दारात उपाशी बसे, किंवा आपला माणूस बसवी. आणि ज्याचे धरणे अधिक कडक त्याचे पैसे आधी वसूल होत. इंग्रजी राज्य आल्यावर धरण्याची जागा जप्तीने घेतली. पण आश्चर्य असे की तत्त्व तेच राहिले. १८५९ च्या पहिल्या दिवाणी कार्यसंहितेत असा नियम होता की, ज्या हुकूमनामाधारकाने मालमत्तेवर प्रथम जप्ती आणली, त्याचे पैसे प्रथम फिटावे. याचा परिणाम काय झाला असेल याची कल्पना करणे कठीण नाही. एखाद्या व्यापाऱ्याची पत किंचित डळमळली अशी कुजबुज उठताच जो तो कोर्टाकडे धावू लागला. जो धीर धरी, जो जुन्या स्नेहाकडे पाहून दोन महिने थांबे, तोच बुडे. कायद्याने दयाळू माणसास दंड करावा आणि उतावळ्यास बक्षीस द्यावे, अशी ही उलटी रीत. आणि पुष्कळदा या धावपळीनेच जो व्यापारी सावरला असता तोही कोसळे.

ही चूक १८७७ च्या संहितेने दुरुस्त केली. जप्तीची रक्कम कोर्टाच्या हाती येण्यापूर्वी ज्या ज्या हुकूमनामाधारकांनी दरखास्त दिली असेल, त्या सर्वांत ती हिस्सेरशीने वाटावी असे ठरले. १८८२ च्या संहितेत ते कलम कायम राहिले आणि १९०८ च्या संहितेत ते त्र्याहत्तरावे कलम झाले. कात्यायनाचा एका दिवसाचा समतेचा नियम या कलमाने विस्तारला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. तथापि हा नियम ज्यांनी दावे लावून हुकूमनामे मिळविले त्यांच्यापुरताच होता. ज्याने दावाच लावला नाही, ज्याच्याजवळ केवळ खात्यावरची नोंद होती, त्या गरीब घेणेकऱ्याचे काय? त्याच्यासाठी नादारीचा कायदा हवा होता.

मुंबई, कलकत्ता व मद्रास या तीन शहरांत तो कायदा आधीच आला होता. १८२८ साली ब्रिटिश पार्लमेंटने पहिला कायदा केला व १८४८ साली दुसरा. नादाराची मालमत्ता ऑफिशियल असायनीच्या हाती जाई आणि तो ती घेणेकऱ्यांत वाटी. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६१ साली सुरू होताच कापसाचे भाव चढले, मुंबईत पैशाचा पूर आला, आणि १८६५ साली युद्ध संपताच तो पूर ओसरून मोठमोठ्या पेढ्या उघड्या पडल्या. १८४० साली स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बेही त्यातून वाचली नाही. १८६८ साली ती गुंडाळावी लागली. त्या वर्षांत शहरवासीयांस नादारीच्या कायद्याचे प्रयोजन चांगलेच कळले. मोफसिलातील ऋणकोस मात्र दिवाणी तुरुंगाची भीती होती आणि संहितेतील एका अपुऱ्या प्रकरणाचा काय तो आधार. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, तो दंगा नगर जिल्ह्यातही पसरला, आणि १८७९ साली दख्खन शेतकरी कायदा झाला. त्यात शेतकऱ्याच्या नादारीचे स्वतंत्र प्रकरण होते. साऱ्या मोफसिलासाठी संपूर्ण असा नादारीचा कायदा १९०७ साली झाला व १९२० साली पाचवा कायदा म्हणून तो नव्याने घडविण्यात आला. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो म्हैसूर राज्यात गेला, वरिष्ठ कोर्ट बदलले, पण हा कायदा बदलला नाही.

१९२० च्या या कायद्याने वाटणीची जी रीत घालून दिली, ती पाहण्यासारखी आहे. कोर्टाने एखाद्यास नादार ठरविले की त्याची मालमत्ता कोर्टाकडे किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. रिसीव्हर हा ना धनकोंचा माणूस, ना ऋणकोचा. तो कोर्टाचा हात होय. वह्या ताब्यात घेणे, येणे वसूल करणे, माल विकणे, हिशेब ठेवणे ही त्याची कामे. नादार होण्याच्या बेतात असताना व्यापाऱ्याने मेहुण्याच्या नावावर घर करून दिले असेल, तर अर्जापूर्वी दोन वर्षांच्या आतले असे हस्तांतर, ते प्रामाणिक व मोबदल्याचे नसेल तर, रद्द करविता येते. अखेरच्या तीन महिन्यांत एखाद्याच धनकोवर मेहेरनजर करण्याच्या हेतूने त्याचे पैसे फेडले असतील, तर तेही परत आणता येतात. आधी धावला त्यास आधी, हा जुना नियम येथे संपला.

पण सारेच रिसीव्हरच्या हाती जात नाही. दिवाणी संहितेच्या साठाव्या कलमाप्रमाणे ज्यांवर जप्ती येत नाही, त्या वस्तू नादारीतही सुटतात. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औते, कोर्टास आवश्यक वाटतील इतकी जनावरे आणि बियाणे. त्याच कलमात असेही म्हटले आहे की, धर्माच्या चालीप्रमाणे कोणतीही स्त्री जे दागिने अंगावेगळे करू शकत नाही, ते जप्त होणार नाहीत. इंग्रजीत लिहिलेल्या कायद्याच्या रुक्ष कलमात मंगळसूत्र असे येऊन बसले आहे. पेढी बुडाली तरी चूल, नांगर आणि सौभाग्यचिन्ह बुडू नये, इतकी माणुसकी कायद्याने राखली.

मग घेणेकऱ्यांची यादी होते. ऋणकोने अर्जात सर्व घेणेकऱ्यांची नावे द्यावयाची असतात; परंतु नाव आले म्हणजे घेणे सिद्ध झाले असे नव्हे. प्रत्येकाने आपले घेणे शाबीत करावयाचे असते, आणि त्याची रीत अगदी सोपी आहे. प्रतिज्ञापत्र करून ते कोर्टात द्यावे, किंवा रजिस्टर टपालाने पाठवावे. दावा नको, मोठा मुद्रांक नको. ज्याच्याजवळ गहाण आहे तो आपल्या तारणातून वसूल करून उरलेल्या रकमेपुरता यादीत येऊ शकतो. वाटणीस प्रारंभ झाला की कारभाराचा खर्च निघतो. नंतर सरकारचे व स्थानिक संस्थांचे देणे, आणि त्यांच्या बरोबरीने दुकानातील कारकून, नोकर व मजूर यांचा अर्जापूर्वीच्या चार महिन्यांतील पगार. मूळ कायद्यात त्यास प्रत्येकी वीस रुपयांची मर्यादा होती. वीस रुपये आज हास्यास्पद वाटतील. १९२० साली हमालाच्या घरात त्यांची किंमत निराळी होती. यानंतर उरेल ते यादीतील सर्व घेण्यांवर त्यांच्या रकमांच्या प्रमाणात, कोणासही झुकते माप न देता वाटावयाचे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. खर्च व अग्रहक्काची देणी वजा जाता रिसीव्हरच्या हाती साठ हजार रुपये उरले आणि यादीतील घेणी दोन लाख चाळीस हजारांची आहेत. रुपयास चार आणे वाटणी पडली. ज्याचे लाख रुपये होते त्यास पंचवीस हजार आणि ज्याचे शंभर होते त्यास पंचवीस. मोठ्याचे दुःख मोठे आणि लहानाचे लहान असे मात्र समजू नये. शंभर रुपये ठेवणाऱ्याजवळ पुष्कळदा तेवढेच असतात.

वाटणी एकदाच होते असे नाही. पैसे येतील तसतसे हप्ते वाटले जातात, आणि दूरच्या घेणेकऱ्यांस घेणे शाबीत करण्यास वेळ मिळावा म्हणून काही रक्कम राखूनही ठेवतात. जो उशिरा येतो त्यास उरलेल्या पैशांतून मागचा हिस्सा भरून मिळू शकतो. पण आधी वाटलेले परत फिरविता येत नाही. अखेर जे जे विकता येण्याजोगे होते ते विकले गेले, म्हणजे रिसीव्हर कोर्टाच्या परवानगीने शेवटची वाटणी जाहीर करतो. त्यापूर्वी त्याने एक काम करावयाचे असते. ज्यांची नावे घेणेकरी म्हणून कळविली गेली आहेत परंतु ज्यांनी घेणे शाबीत केलेले नाही, त्यांस नोटीस द्यावयाची की, अमुक मुदतीत शाबीत करा, नाही तर तुमचा विचार न करता वाटणी होईल. ती मुदत गेली की पुस्तक मिटले. उरलेला पैसा यादीतील घेणेकऱ्यांत वाटला जातो आणि बाहेर राहिलेल्याचा हक्क संपतो. कायद्याचे हे चौसष्टावे कलम वरवर कठोर दिसते. पण कोणत्यातरी दिवशी हिशेब मिटलाच पाहिजे. न मिटणाऱ्या हिशेबात शेवटी सारा पैसा खर्चातच जातो.

या कलमाचा अर्थ आम्ही पुस्तकातून शिकलो होतो. तो कळला मात्र एका देवस्थानामुळे. आम्ही वकिलीस नवे होतो तेव्हाची ही गोष्ट. आमच्याच परिसरातील एका खेड्यातील पंच एका दुपारी आमच्याकडे आले. गावच्या देवाच्या पालखी-उत्सवाची शिल्लक वर्षानुवर्षे एका व्यापाऱ्याच्या पेढीवर ठेवली जात असे. दरवर्षी उत्सवापूर्वी लागेल तेवढी रक्कम काढावी, उत्सव झाल्यावर उरेल ती जमा करावी, व्याज खात्यावर पडत जावे. त्या व्यापाऱ्याच्या आजाने देवळाच्या सभामंडपास दगड दिला होता. त्यामुळे पावती, करार असले काही कोणी कधी मागितले नाही. पुढे त्या पेढीचे दिवाळे निघाले. व्यापारी प्रामाणिक होता. त्याने घेणेकऱ्यांच्या यादीत देवाचे नावही लिहून दिले होते. रिसीव्हरची नोटीस रजिस्टर टपालाने गावी आली होती. ती इंग्रजीत होती. कोणीतरी शिकलेला माणूस गावी आला म्हणजे वाचून घेऊ, म्हणून ती देवळाच्या कपाटात वर्गणीच्या पावत्यांच्या बाडाखाली ठेवण्यात आली, आणि तेथेच राहिली.

ती आमच्या हाती आली तेव्हा मुदत उलटून चार महिने झाले होते, आणि अखेरची वाटणी रुपयामागे वीस पैशांप्रमाणे होऊन गेली होती. आम्ही धावपळ केली, कोर्टास अर्ज दिला. हाती काही शिल्लकच नसल्याने कोर्टास करण्यासारखे काही उरले नव्हते. पंचांपैकी एक वृद्ध गृहस्थ शांतपणे म्हणाले, "देवाचा पैसा कोण बुडवणार ओ, असं आम्ही धरून चाललो." दुसऱ्याने विचारले, देवाचे घेणे सगळ्यांच्या आधी नसते काय? आम्ही त्यांस उत्तर दिले की, देवाने आपले दागिने गाठोड्यात बांधून त्या पेढीच्या तिजोरीत ठेवले असते तर ते गाठोडे आज आपण आणले असते, कारण ते पेढीचे कधी झालेच नसते. पण पैसा खात्यावर व्याजाने पडला. तो ऋण झाला. ऋणाच्या रांगेत देव, सावकार आणि विधवा एकाच ओळीत उभे असतात. त्या ओळीत देवाने आपले नाव सांगितले नाही.

पंच बराच वेळ बोलले नाहीत. मग त्या वृद्ध गृहस्थांनी विचारले, "आणि त्या पेढीवरच्या हमालांचं काय झालं?" आम्ही म्हटले, त्यांस कायद्याने ठरलेला मजुरीचा भाग आधी मिळाला. "मग बरं झालं," असे म्हणून ते उठले. त्या वर्षी पालखी निघाली ती घरोघरची वर्गणी नव्याने गोळा करून. तो नादार व्यापारीही वर्गणी देणाऱ्यांत होता, असे आम्ही पुढे ऐकले.

ही गोष्ट सांगण्यात कोणास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. श्रद्धा आणि हिशेब यांची फारकत झाली म्हणजे काय होते, हे कळावे म्हणून ती सांगितली. वास्तविक १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याने विश्वस्तांवर बंधन घातले होते की, देवस्थानचा शिलकी पैसा शेड्यूल्ड बँकेत, टपाल खात्याच्या बचत बँकेत, मान्यता मिळालेल्या सहकारी बँकेत किंवा सरकारी रोख्यांतच ठेवावा. राज्यपुनर्रचनेनंतरही आमच्या भागात तो कायदा कित्येक वर्षे चालला. अशी बंधने कागदावर राहतात आणि पैसा ओळखीच्या वाटेने जातो.

आणि बँकेत ठेवला म्हणजे सारे झाले असेही नाही. १९१३ साली लाहोरची पीपल्स बँक बुडाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईची इंडियन स्पेसी बँक. चांदीच्या सट्ट्याने तिचा घात केला. पुढील चार वर्षांत देशातील ऐंशीहून अधिक बँका बुडाल्या. बँक बुडाली की रिसीव्हरच्या जागी लिक्विडेटर येतो आणि जिल्हा कोर्टाच्या जागी उच्च न्यायालय. वाटणीचे तत्त्व मात्र तेच. स्वातंत्र्यानंतर १९५३ च्या दुरुस्तीने बँकिंग कायद्यात लहान ठेवीदारास प्रथम अडीचशे रुपयांपर्यंत द्यावे असा नियम आला. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक व केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाली. पलाई बँक लहान नव्हती. तिच्या दारांत शेकडो कुटुंबे उभी राहिली. त्या वर्षाच्या धक्क्याने सरकारास नवा मार्ग शोधावा लागला. लिक्विडेटरची अखेरची वाटणी होईतो लहान माणसाने वर्षानुवर्षे थांबावे हेच चुकीचे आहे, हे मान्य झाले. १९६१ साली ठेवविमा महामंडळाचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून प्रत्येक ठेवीदारास दीड हजार रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण मिळाले. ती मर्यादा १९९३ साली एक लाख झाली, आणि पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर २०१९ साली निर्बंध आल्यानंतर ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख. पुढे २०२१ साली आणखी एक दुरुस्ती झाली आणि बँकेवर निर्बंध येताच विम्याची रक्कम नव्वद दिवसांत मिळण्याची सोय झाली. महामंडळ ठेवीदारास आधी देते आणि मग स्वतः लिक्विडेटरच्या दारात घेणेकरी म्हणून उभे राहते. थांबण्याचे ओझे दुबळ्याच्या खांद्यावरून सबळाच्या खांद्यावर गेले, ही या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोठी सुधारणा होय असे आम्हांस वाटते. पण विमा बँकेपुरता आहे. खाजगी पेढीवर ठेवलेल्या पैशास तो नाही, आणि पतसंस्थेतील ठेवीसही नाही.

रांगेचा क्रमही बदलला. याज्ञवल्क्याने ब्राह्मण आणि राजा यांस पुढे ठेवले. १९२० च्या कायद्याने ब्राह्मणास वगळून राजास ठेवले, पण त्याच्या शेजारी मजुरास उभे केले. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत कंपन्यांच्या वाटणीचा जो क्रम दिला आहे, त्यात कारभाराच्या खर्चानंतर कामगारांचे चोवीस महिन्यांचे घेणे तारणदार धनकोंच्या बरोबरीने येते, इतर नोकरांचा बारा महिन्यांचा पगार त्यानंतर, आणि सरकारची पाळी विनातारण कर्ज देणाऱ्यांच्याही मागे गेली आहे. दोन हजार वर्षांत राजा हळूहळू रांगेत मागे सरकला आणि घाम गाळणारा पुढे आला. कायद्याच्या इतिहासात अशी गोष्ट क्वचितच इतकी स्पष्ट दिसते.

राहता राहिला ऋणको. आपल्या शास्त्राने ऋण हे पुत्रपौत्रांपर्यंत पोचविले होते. पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य. २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्ती कायद्याने केवळ त्या धर्मकर्तव्याच्या आधारावर पुत्र, पौत्र वा प्रपौत्र यांच्यावर नव्या ऋणासाठी दावा करण्याचा मार्ग बंद केला. नादारीच्या कायद्यात अखेर कोर्ट ऋणकोस मुक्तीचा हुकूम देते आणि काही अपवाद वगळता जुनी देणी त्याच्या मानेवरून उतरतात. सर्व घेणी व्याजासह फिटून काही उरले, तर तो शेषही त्याचाच. असा शेष आम्ही कधी पाहिला नाही. पण कायद्याने त्याची जागा रिकामी ठेवली आहे, ही गोष्ट आम्हांस फार आवडते.

आमच्या वाचकांत अनेकजण निरनिराळ्या देवस्थानांचे पंच, महाजन किंवा विश्वस्त असतील. त्यांस दोनच गोष्टी सुचवून हा लेख पुरा करतो. देवाचे दागिने कोठे सांभाळण्यास दिले असतील तर त्यांची वजनासह यादी करून उभयपक्षी सह्या घ्याव्या, म्हणजे निक्षेप हा निक्षेपच राहील. आणि पैसा ठेवताना तो कोणाच्या नावाने व कोणत्या कायद्याच्या संरक्षणाखाली आहे हे पाहावे. दुसरे असे की, देवळाच्या कपाटात जे जे कागद न वाचता पडले असतील ते येत्या एकादशीस बाहेर काढून, ती भाषा जाणणाऱ्याकडून वाचवून घ्यावे. त्यांतील एखाद्यावर मुदतीची तारीख असेल, आणि कदाचित ती अजून उलटलेली नसेल.